विमानातून काढलेला फोटो वाचतात कसा? (बाबांच्या ट्रंकेत स्टिरिओस्कोप सापडला)

लष्करची_लेक
मंडळी नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला तर बाबांच्या लोखंडी ट्रंकेत स्वेटरांच्या खाली एक चपटा डबा निघाला, त्यात वीतभर लांबीचा दोन भिंगांचा स्टँड, पाय दुमडून ठेवायचे. मुलाला वाटलं आजोबांचा जुना चष्मा आहे. मी बघताक्षणी ओळखला. पॉकेट स्टिरिओस्कोप. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, वरून या भिंगांतून बघायचं आणि कागदावरचा डोंगर उठून उभा राहतो.

बाबा हवाई दलात फोटो सेक्शनला होते. अधिकारी नाही, एअरमन. विमान उतरलं की कॅमेऱ्याचं फिल्म मॅगझिन काढायचं, पळत डार्करूममध्ये न्यायचं, डेव्हलप करायचं, आणि कितीदा तर फिल्म वाळायचीही वाट न बघता लाइट टेबलावर पसरून ओल्या निगेटिव्हवरच वाचायला सुरुवात व्हायची. कुठे होते, काय बघितलं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, घरातला नियमच होता तो. पण बघायचं कसं हे मात्र शिकवलं. गच्चीवर उभं करून विचारायचे, त्या वाड्यात माणसं राहतात का रिकामा आहे, सांग. धूर बघ, दोरीवरचे कपडे बघ, दारासमोरची वाट झिजलीय का बघ.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. युद्धातल्या या कामाबद्दल मराठीत फार कोणी लिहीत नाही, सगळं पायलट आणि बॉम्ब यावरच असतं. तुम्हाला जे माहीत असेल ते लिहा. मीही लिहीन.

(लष्कर म्हणजे आपलं ग्वाल्हेरचं लष्कर, बाहेरच्या लोकांसाठी सांगितलं.)

मोरारकर
ताई, फार चांगला धागा काढलात. तुमच्या वडिलांसारखी माणसं आम्ही बघितलीत, डोळे लाल असायचे त्यांचे.

या विषयात आपल्या देशात एक नाव पहिल्यांदा घ्यायला हवं, जगमोहन नाथ, सगळे जग्गी नाथ म्हणायचे. १०६ स्क्वाड्रन, कॅनबेरा विमान. १९६० ते ६२ या काळात हा माणूस अक्साई चीन आणि तिबेटवर पुन्हा पुन्हा उडत होता, बरोबर फक्त नॅव्हिगेटर, बंदूक नाही काही नाही, नुसते कॅमेरे. चिनी सैन्य किती जमलंय, रस्ते कुठवर आलेत याचे फोटो आणून दिले. त्यासाठी महावीर चक्र, मग १९६५ ला पाकिस्तानवर तसंच उडून दुसऱ्यांदा महावीर चक्र. दोनदा मिळालेला हवाई दलातला तो पहिला अधिकारी. २०२३ मध्ये मुंबईत गेले.

आता यातलं मला जे टोचतं ते सांगतो. म्हातारपणी त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं की फोटोत सगळं दिसत होतं, चिनी कुठे कुठे आहेत ते समोर होतं, पण वर बसलेल्यांनी ते मनावर घेतलं नाही. ६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच नाहीत आपण. जीव धोक्यात घालून आणलेला फोटो, तो धुणारे तुमच्या बाबांसारखे, वाचणारे, आणि शेवटी फाइलीत.

बाड्यावरचा
काका हे खरंच माहीत नव्हतं. मी तर समजत होतो की हेरगिरीचं विमान म्हणजे अमेरिकेचं यू-२ बस.

पण एक शंका आहे, आता सॅटेलाइट असताना विमानानं फोटो काढायची गरजच काय? मोबाइलवर घराचं छत दिसतं आपल्याला.

भूगोलवाला
बाड्यावरच्या, प्रश्न बरोबर आहे, पण कारगिलच्या वेळचा विचार कर. मी कॉलेजात हवाई छायाचित्रण शिकवायचो तेव्हा हेच उदाहरण द्यायचो. १९९९ मध्ये आपले सगळ्यात चांगले उपग्रह म्हणजे आयआरएस-१सी आणि १डी, त्यांचा कृष्णधवल कॅमेरा ५.८ मीटरचा. म्हणजे जमिनीवरचा ५.८ मीटर बाय ५.८ मीटर तुकडा हा चित्रातला एक ठिपका. डोंगराच्या कडेवर दगड रचून केलेला मोर्चा, ज्याला सैनिक सांगर म्हणतात, तो असतो दोन-तीन मीटरचा, अख्खा सांगर एका ठिपक्यात बुडून जातो, दिसणार काय. एक मीटरचा आपला उपग्रह, टीईएस, तो वर गेला ऑक्टोबर २००१ ला. म्हणजे युद्धानंतर दोन वर्षांनी.

आता विमानाचा हिशेब बघ. फोटोचं प्रमाण म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले जमिनीपासूनची उंची. ३६ इंची लेन्स म्हणजे ३ फूट. ३६,००० फुटांवरून फोटो काढला तर १ला १२,०००. फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १२ मीटर. ३ मीटरचा सांगर पाव मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं पण चांगल्या फिल्मवर, भिंगाखाली, तयार डोळ्याला तो दिसतो. खाली आलास तर आणखी मोठा दिसतो. पण खाली यायचं म्हणजे काय ते मोरारकर सांगतील.

मोरारकर
सांगतो. खांद्यावरून सोडायचं स्टिंगर क्षेपणास्त्र साधारण साडेतीन किलोमीटर वर मारा करतं, म्हणजे अकरा-बारा हजार फूट. मैदानात तुम्ही वीस हजारांवर असलात की निवांत. पण कारगिलला स्टिंगरवाला बसलाय सोळा-सतरा हजार फुटांच्या धारेवर, त्याचे अकरा-बारा हजार तिथून मोजायचे. झाले सत्तावीस-अठ्ठावीस हजार! जे विमान नकाशावर उंच वाटतं ते त्याच्या डोक्यावरून चाललेलं असतं.

२१ मे १९९९. ऑपरेशन सफेद सागर, म्हणजे कारगिलमधली हवाई दलाची मोहीम, सुरू झालं २६ मेला, त्याच्या पाच दिवस आधी. १०६ स्क्वाड्रनचं कॅनबेरा बटालिक भागात फोटो काढायला गेलं आणि त्याला स्टिंगर लागलं. एक इंजिन गेलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला आणून उतरवलं. चाळीसच्या दशकातलं डिझाइन आहे हो ते विमान! पायलटचं कौतुक आहेच, पण मुद्दा असा की वर कोण बसलंय आणि त्याच्याकडे काय आहे ही माहिती त्या विमानाला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली.

मग २७ मे. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा, १७ स्क्वाड्रन. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं मिग-२७ बंद पडून ते खाली उतरले होते, त्यांचा ठावठिकाणा शोधायला आहुजा थांबले आणि त्यांचं मिग-२१ क्षेपणास्त्रानं पाडलं. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टरही पाडलं गेलं. त्यानंतर सगळी विमानं स्टिंगरच्या टप्प्याबाहेर ठेवून काम करायचं ठरलं.

लष्करची_लेक
त्या उन्हाळ्यात मी माहेरी होते, मुलगी चार महिन्यांची. महाराजपुऱ्याची, म्हणजे ग्वाल्हेरच्या हवाई तळावरची, मिराज विमानं पुढच्या तळांवर गेली होती आणि आभाळ एकदम शांत झालं होतं, आपल्याला त्या आवाजाची इतकी सवय की शांततेनंच झोप मोडायची. बाबा रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. कॅनबेराची बातमी कळली तेव्हा ते जेवले नाहीत. आई म्हणाली अहो पायलट सुखरूप आहे ना, तर म्हणाले, हो, पण फिल्म?

तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं, माणूस वाचला आणि यांना फिल्मची पडलीय. आता वाटतं की त्यांना दोन्हीची सारखीच काळजी होती. ज्यासाठी तो माणूस तिथे गेला ते हाताला लागलं की नाही, एवढंच विचारत होते.

आणि आणखी एक त्यांनी सांगितलेलं, यात गुपित काही नाही म्हणून लिहिते. निगेटिव्हमध्ये बर्फ काळा असतो. माणसं बर्फावरून रोज गेली की वाट मळते, ती बर्फापेक्षा गडद दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये काळ्यावर बारीक पांढरी रेघ. बाबा म्हणायचे माणूस दिसत नाही, तंबू दिसत नाही, तोफ झाकलेली असते, पण वाट झाकता येत नाही. रेघ पकडायची आणि ती कुठे संपते ते बघायचं, जिथे संपते तिथे काहीतरी आहे.

बडोदेकर_ताई
वा ताई, अंगावर काटा आला वाचून. मी बडोद्याची, माहेर ग्वाल्हेर, जीवाजीगंज.

या कामात बायकाही होत्या हे सांगायला आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मेडमेनहॅम म्हणून ठिकाणी फोटो वाचायचं मोठं केंद्र होतं. तिथे कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ नावाची तरुणी विमानांच्या विभागाची प्रमुख होती, फोटोतल्या जर्मन विमानांवर तिचं लक्ष. भिंग वापरायची ते जवाहिऱ्यांचं, आपल्या सराफ्यात सोनार डोळ्याला लावतात ना तसलं. बाल्टिक किनाऱ्यावर पीनमुंड इथे जर्मन काहीतरी नवीन अस्त्र बनवताहेत अशी कुणकुण होती, ऑगस्ट १९४३ मध्ये तिथे ब्रिटिशांनी मोठा बॉम्बहल्लाही केला होता. तिला सांगितलं होतं की अगदी लहान, बिनपायलटचं विमान शोध. २८ नोव्हेंबर १९४३ च्या फोटोत तिला समुद्राच्या कडेला एक उतरता रॅम्प दिसला आणि त्यावर क्रुसाच्या आकाराचं इवलंसं काही. ते व्ही-१ होतं, तेच जे पुढे जून १९४४ पासून लंडनवर पडायला लागलं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की तसले रॅम्प आधीच्या फोटोतही होते. आधी बघणाऱ्यांनी ते गाळ उपसायच्या यंत्राचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिले होते. फोटो तोच, रॅम्प तोच. तिनं सोडलं नाही इतकंच.

इतिहासवेडा
ताई, अगदी मनातलं. मी याच्यात आपला जुना इतिहास आणतो, कोणाला विषयांतर वाटलं तर माफ करा, पण ग्वाल्हेरात बसून हे बोलायचं आणि पानिपत काढायचं नाही हे माझ्यानं होत नाही.

ऑक्टोबर १७६०. भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतलं, फौज खूश आहे, यमुना दुथडी भरून वाहतेय, अब्दाली पलीकडे अडकलाय असं सगळे धरून चाललेत. आणि अब्दाली बागपताजवळ नदी उतरून अलीकडे आला. हजारोंची फौज, घोडे, तोफा, काही दिवस चाललेला तो प्रकार, आणि आपल्याला वेळेवर खबर नाही. घाटावर चार हरकारे रात्रंदिवस ठेवले असते तर? शिवाजी महाराजांच्या काळात बहिर्जी नाईकांसारखा माणूस होता, तिथे आधी खबर आणि मग स्वारी. शंभर वर्षांत ती सवय कुठे गेली हा प्रश्न मला झोपू देत नाही.

महादजी त्या पानिपतातून पाय जायबंदी होऊन निघाले आणि आयुष्यभर लंगडत चालले. पुढे त्यांनी दिल्लीपासून पुण्यापर्यंत बातमीदार ठेवले, कोणाच्या दरबारात काय चाललंय हे त्यांना रोज हवं असे. आपण ज्या कंपूत राहतो, शिंद्याच्या छावणीत राहतो, ते सगळं त्या माणसाच्या सावध राहण्यावर उभं राहिलंय असं मी मानतो.

बाड्यावरचा
दादा, खतरनाक मुद्दा आहे. पण मला वाटतं पानिपतला खबर आलीच नाही आणि ६२ ला खबर आली पण ऐकली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? मग कारगिल यातलं कुठलं?

इतिहासवेडा
बरोबर पकडलंस, दोन्हींत फरक आहे, मी एकत्र करायला नको होतं.

मोरारकर
कारगिलबद्दल बोलायचं तर सुरुवात फोटोपासून नाहीच. ३ मे १९९९ ला गारकोन गावचा मेंढपाळ ताशी नामग्याल आपला याक शोधायला डोंगरावर गेला, दुर्बीण होती त्याच्याकडे, त्यातून त्याला माणसं खोदकाम करताना दिसली. त्यानं खाली येऊन सेनेला सांगितलं. पहिली पक्की खबर ती. २०२४ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा सेनेनं त्याला मानानं निरोप दिला.

आणि दुसरी मोठी गोष्ट कानांनी मिळाली. जनरल मुशर्रफ बीजिंगला होते आणि त्यांचे जनरल अझीज रावळपिंडीतून त्यांच्याशी फोनवर बोलले, २६ मे आणि २९ मेला. ते बोलणं आपल्या गुप्तचरांनी पकडलं आणि ११ जूनला जगासमोर ठेवलं. घुसलेले ‘मुजाहिदीन’ आहेत हा दावा तिथेच पडला. तर डोळा, कान आणि याक शोधणारा माणूस, तिन्ही लागतात.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत आला. त्यानंतर डीआयए (सैन्यदलांची गुप्तचर संस्था) आणि एनटीआरओ (तांत्रिक गुप्तवार्ता संस्था) या संस्था उभ्या राहिल्या. समितीचा एक मोठा रोख हाच होता की वेगवेगळ्या खात्यांकडे तुकडे होते, ते एका टेबलावर आले नाहीत.

भूगोलवाला
बाड्यावरच्या, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तिसराच प्रकार. तुकडे होते, जोडले गेले नाहीत.

फोटोचंही तसंच असतं. एका फोटोतून खोली कळत नाही. म्हणून विमान सरळ रेषेत उडत फोटो काढत जातं आणि प्रत्येक फोटो आधीच्यावर साधारण ६० टक्के चढलेला असतो. त्यामुळे जमिनीवरची प्रत्येक जागा दोन वेगळ्या ठिकाणांवरून बघितली जाते, जसे आपले दोन डोळे, फक्त इथे दोन डोळ्यांत शेकडो मीटरचं अंतर. म्हणून स्टिरिओस्कोपखाली उंची अतिशयोक्त दिसते, छोटा दगडी ढीगही टोचून वर येतो. सपाट दिसणाऱ्या बर्फात कोणी भिंत रचली असेल तर ती अशी सापडते.

आणखी एक बारीक गोष्ट. फोटो टेबलावर ठेवताना सावल्या आपल्याकडे पडतील असा ठेवायचा. उलटा ठेवला तर डोळा फसतो, टेकडीचा खड्डा होतो आणि खड्ड्याची टेकडी. माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी हमखास फसायचे.

आता परत सॅटेलाइटकडे येतो. उपग्रह कधी डोक्यावर येणार हे दुसऱ्यालाही माहीत असतं. १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी पकडली होती. १९९८ ला आपल्या इंजिनिअरांनी उपग्रहाच्या वेळा बघून काम केलं, बरंचसं रात्री, सकाळी सगळं होतं तसं करून ठेवायचं. ११ मेला स्फोट झाले तेव्हा अमेरिका थक्क. वाट झाकता येत नाही असं ताईंचे बाबा म्हणायचे ते खरं, पण रोज पहाटे झाडू मारला तर झाकता येते, हे आपणच करून दाखवलं.

लष्करची_लेक
सर, हे बाबांना फार आवडलं असतं.

इंदुरी_भिया
धागा एका दमात वाचला भिया लोक. मी इंदूरचा पण आजोळ ग्वाल्हेर, नया बाजार.

१९७१ चं एक सांगतो कारण तिथे खबर आणि कृती यांच्यात तास सुद्धा गेले नाहीत. १४ डिसेंबर. ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरनं मोठी बैठक बोलावलीय असा संदेश आपल्या लोकांनी हवेतून पकडला. गुवाहाटीला २८ स्क्वाड्रनच्या मिग-२१ ना हुकूम आला. विंग कमांडर बिश्नोई निघायच्या तयारीत, त्यांना सांगितलेलं ठिकाण होतं सर्किट हाउस, आणि शहराचा नकाशा म्हणून हातात काय तर पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा. ऐन वेळी निरोप आला, सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. ते पायलट वर गेले, त्या टूरिस्ट मॅपवरून इमारत ओळखली, खात्री केली आणि मगच रॉकेटं सोडली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि १६ तारखेला शरणागती.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती खात्री करण्याची. भर गावातलं घर आहे, आजूबाजूला सामान्य माणसं राहतात, चुकीच्या छतावर रॉकेट गेलं असतं तर.

बडोदेकर_ताई
७१ चं आमची आई सांगते, लष्करात ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आजोबा विडीसुद्धा रजईत ओढायचे. ३ डिसेंबरला संध्याकाळी आग्र्याच्या विमानतळावर पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले, आणि आग्रा म्हणजे आपल्यापासून किती लांब? ताजमहाल कापडानं झाकला होता कारण आदल्या दिवशीच पौर्णिमा झालेली, पांढरा संगमरवर चांदण्यात मैलांवरून दिसणार आणि वैमानिकाला दिशा सापडणार. आपल्याला खालून सुंदर दिसतं ते वरच्याला खूण असते.

बाड्यावरचा
हे मी कधी ऐकलं नव्हतं. घरी विचारतो आज.

मला अजून एक विचारायचंय, आपली मिराज कारगिलमध्ये नेमकी काय करत होती? शाळेत नुसतं ‘टायगर हिल’ ऐकलं.

मोरारकर
थोडक्यात सांगतो. १७ जूनला मुंथो ढालो, बटालिक भागातला शत्रूचा मोठा रसद तळ, मिराजनी उद्ध्वस्त केला. २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं नेम धरणारे बॉम्ब टाकले, विमानाला लायटनिंग पॉड, म्हणजे नेम धरायचं उपकरण, लावून. पण मुंथो ढालोबद्दल विचार कर, पुढच्या धारेवर बसलेले सैनिक खातात काय, त्यांना दारूगोळा येतो कुठून? ताई म्हणाल्या तेच, रेघ पकडून मागे जायचं. समोरच्या बंकरवर बॉम्ब टाकत बसण्यापेक्षा मागचं कोठार सापडलं तर पुढची दहा ठाणी आपोआप उपाशी पडतात. ते कोठार सापडणं हे टोही, म्हणजे टेहळणीच्या, कामाचं यश, बॉम्ब हा त्याचा शेवटचा टप्पा. त्या वेळचे हवाई दलप्रमुख आपले टिपणीस.

कॅनबेरा २००७ पर्यंत उडत होतं, मे महिन्यात आग्र्याहून निवृत्त झालं. टेहळणीचं दुसरं विमान मिग-२५ त्याच्या एक वर्ष आधी, बरेलीहून. वीस किलोमीटरच्या वर, आवाजाच्या अडीच पटीपेक्षा जास्त वेगानं जायचं ते, त्याला पकडायला कोणी वरच येऊ शकत नव्हतं. आता ते काम ड्रोन आणि उपग्रहांकडे गेलंय.

धागा_सांभाळणारा
सगळ्यांना विनंती. चर्चा फार छान चाललीय, पण महाराजपुऱ्याच्या सध्याच्या तळाबद्दल, विमानांच्या ये-जा बद्दल काहीही लिहू नका, गच्चीवरून काढलेले फोटो, व्हिडिओ टाकू नका. मघाशी एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे. ज्यांनी टाकला त्यांचा हेतू वाईट नव्हता हे माहीत आहे.

मोरारकर
योग्य केलंत. वरती ज्या वाटा, ज्या रेघा आपण बोललो, तशीच ही पण एक रेघ. एका फोटोनं काही होत नाही, पण शंभर लोकांचे फोटो कोणीतरी एका टेबलावर मांडतो.

लष्करची_लेक
काकांशी पूर्ण सहमत. बाबांनी वर्दीतला एकही फोटो घरात लावू दिला नव्हता.

मला एक कबूल करायचंय. धागा काढताना मनात राग होता. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं काय काम करायचात, इतका ताण का आलाय, तर बाबा नुसते ‘सरकारी नोकरी’ म्हणाले. मला वाटायचं की यांनी आयुष्य घातलं आणि कोणाला माहीत सुद्धा नाही, आणि जे वाचलं त्यातलं किती वर पोचलं, किती कोणी ऐकलं हेही त्यांना कधी कळलं नाही. रिपोर्ट लिहून द्यायचा आणि पुढची फिल्म घ्यायची. जग्गी नाथांना निदान पदक मिळालं, बोलता आलं. टेबलावर वाकलेल्यांचं काय?

तुमचं सगळं वाचून राग गेला असं म्हणणार नाही. पण त्या सोनाराच्या भिंगवाल्या बाईंची गोष्ट मी मुलीला रात्री फोनवर सांगितली आणि ती म्हणाली, आई, आजोबांचा तो डबा मला हवा.

भूगोलवाला
द्या तिला. आणि नुसता देऊ नका, वापरायला शिकवा. विमान नको त्याला. गच्चीवरून किल्ल्याचे दोन फोटो काढा. किल्ला लांब आहे म्हणून दोन फोटोंच्या जागांत अंतर जास्त हवं, जितकं लांब बघायचं त्याच्या साधारण चाळिसावा भाग धरा. दालबाजाराकडून किल्ला दीड-दोन किलोमीटर असेल तर चाळीस-पन्नास मीटर. जुन्या आळ्यांमध्ये गच्च्या एकमेकींना लागून असतात, चार घरं ओलांडली की झालं. झूम सारखाच ठेवायचा, कॅमेरा सारख्याच दिशेला. मग प्रिंट काढून असे ठेवायचे की दोन्हींतली तीच खूण एकमेकींपासून सहा-साडेसहा सेंटिमीटरवर येईल. स्टिरिओस्कोप नसेल तर नाकासमोर उभा पुठ्ठा धरून एका डोळ्यानं एक असं बघा, थोडा वेळ लागतो.

बाड्यावरचा
सर, रविवारी केलं. आमच्या गच्चीवरून एक आणि आळीच्या टोकाला मावशींच्या गच्चीवरून एक, मावशींनी आधी विचारलं काय रे पतंग अडकला का. प्रिंट काढले, पुठ्ठा धरला, दहा मिनिटं काहीच नाही, डोकं दुखलं. मग एकदम झालं! पण उलटं झालं. किल्ला आत गेला आणि मागचं आकाश पुढे आलं, जसा किल्ल्याच्या आकाराचा खड्डा. सावलीचं म्हणालात तसं का?

भूगोलवाला
नाही रे, सावलीचा प्रश्न वरून काढलेल्या फोटोत. तू डावा उजवीकडे ठेवलास. अदलाबदल कर.

बाड्यावरचा
झालं!! सर काय सांगू. तेलीचं मंदिर रोज बघतो, कायम तटबंदीला चिकटलेलं वाटायचं. ते चांगलं मागे आहे, मध्ये मोकळी जागा आहे, आणि तटाच्या खालचा कडा असा पुढे येतो की हात लावावासा वाटतो. आजीला दाखवलं, तिनं पाच मिनिटं पुठ्ठा सोडला नाही.

लष्करची_लेक
बाड्यावरच्या, तुझं वाचलं आणि परत डबा उघडला. भिंगांच्या खाली मऊ कापड होतं, ते मी उचललंच नव्हतं. त्याच्याखाली पाकीट निघालं, आत कृष्णधवल फोटोंची एकच जोडी. आमची गच्ची आहे. आई कुरडया वाळत घालतेय, बाजूला मी, दोन वेण्या. हे जवळचं आहे म्हणून त्यांनी कॅमेरा फक्त तीन-चार बोटं सरकवला असणार, आणि दोन्ही फोटोंत आम्ही दोघी अजिबात हललेलो नाही. मला ते आठवत नाही, पण आईला आठवतं. म्हणाली, मी चिडले होते, हात पिठाचा आणि हे म्हणतात श्वास रोखून धरा.

काल रात्री स्टिरिओस्कोप लावून तिला दाखवलं. बराच वेळ वाकून बघत होती. मग विचारलं, ही मागची दोरी कधी काढली आपण?